ईश्वराकाकांची हरकत

"यात्रेपुरती काढली तर चालंल का हो, म्याडम?"

हा प्रश्न आबांनी गावापासून एसटीत तोंडात घोळवत आणला होता. दवाखान्यात आल्यावर त्यांनी टोपी काढली, परत घातली, भिंतीवरचं दातांचं चित्र दोनदा बघितलं आणि मग एकदाचं विचारून टाकलं. मी खुर्चीत आ वासून पडलो होतो, त्यामुळे माझं मत कुणी विचारलं नाही.

"यात्रेपुरती म्हणजे किती दिवस?" डॉक्टर शिरगुप्पे माझ्या तोंडातून काढलेल्या प्लेटा उजेडात धरून बघत होत्या. दातांच्या कॉलेजात त्या पुढचं शिक्षण घेत होत्या आणि मी त्यांच्या वाट्याला आलेला पेशंट होतो.

"पाडव्यापासनं यात्रा हुईस्तवर. आनि त्याच्या आदी सरावाला म्हनून थोडं."

"म्हणजे दोन-अडीच महिने. नाही चालणार, काका."

"पोरगं परत लावंल की. माज्या म्होरं बसून लावंल."

डॉक्टर स्टूल ओढून आबांसमोर बसल्या. "काका, मी याचे दात नुसते मागं ढकलत नाहीये. खालचा जबडा पुढं आणतेय. आणि ते हाड वाढतंय तोवरच आपलं ऐकतं. याच्या हाताचा फोटो काढला होता, आठवतंय?"

न आठवून कसं चालेल? दाताच्या दवाखान्यात हाताचा फोटो काढला, ही गोष्ट आमच्या बोरथळ गावाला महिनाभर पुरली होती. उद्या डोळे दुखले तर पायाचा काढतील, असं पारावरची माणसं म्हणत.

"त्या फोटोत मनगटाची हाडं बघितली की कळतं, पोराची वाढ किती झाली आणि किती उरलीय ते. याची आत्ता जोरात चाललीय. थोड्या महिन्यांत ती मंदावणार. आत्ता प्लेटा काढल्या आणि यात्रा झाल्यावर आलात, तर वरातीमागून घोडं होईल."

"आनि मग काय करायचं?"

"मग जबडा आहे तिथंच राहणार. वरचे दोन दात काढून जागा करायची आणि पुढचे दात त्या जागेत मागं घ्यायचे."

"दात काढायचं?" आबांच्या तोंडचं पाणी पळालं. "चांगलं दात?"

"हो. चांगले."

आबा माझ्या दातांकडे बघत राहिले. डॉक्टरांना वाटलं असेल, बापाचं काळीज आहे, पोराला दुखेल म्हणून घाबरला. पण त्यांना आमच्या गावचा रिवाज कुठे माहीत होता!

बोरथळच्या सिद्धोबाच्या पालखीपुढं सनई वाजवायचा मान आमच्या घराचा. आणि मानकऱ्याच्या तोंडातले सगळे दात त्याचे स्वतःचे पाहिजेत, असा रिवाज. दुधाचे पडून पक्के आले की माणूस मानाला लायक झाला, आणि पक्क्यातला एक जरी गेला की सनई खाली. यात्रेच्या दिवशी देवापुढं ती पुढच्याच्या हातात द्यायची. कवळी लावून मागं उभं राहून सूर धरायला कुणाची ना नव्हती. सूर म्हणजे एकच स्वर न तोडता धरून ठेवायचा, त्याच्या आधारानं पुढचा वाजवतो. पण पुढचा पाहिजे तो अभंग तोंडाचा.

त्यामुळे लोक घरातलं सोनं जपतात तसे आम्ही दात जपायचो. गावाच्या चारी बाजूंना ऊस, पण आम्हाला तो दातानं सोलायची बंदी. आई विळीवर करवे करून द्यायची आणि ते आम्ही पाहुण्यासारखे वाटीतून खायचो. चिंचोका फोडायचा नाही, सुपारीला हात लावायचा नाही. रोज सकाळी आबांसमोर उकिडवं बसून दात घासायचे आणि मग तोंड उघडून दाखवायचं.

अशा घरात मी जन्मलो तो पुढे आलेले दात घेऊन. माझे ओठ काही केल्या मिटत नसत. हसलो नाही तरी हसतोय असं वाटायचं, म्हणून शाळेत मार इतरांपेक्षा जास्त. पोरं मला 'खवणी' म्हणत. सनईला मात्र त्या दातांची अडचण झाली नव्हती. फुंकायच्या टोकाची पत्ती ओठात कशी धरायची ते माझ्या तोंडानं आपलं आपण शोधून काढलं होतं. केदारीचा हात आणि दम दोन्ही आज्यावर गेलेत, असं म्हातारी माणसं म्हणायची.

मग एक दिवस हापशाचा दांडा उसळून तोंडावर बसला आणि पुढचा दात मुळातून हलला. मास्तरांनी मला तसंच दातांच्या कॉलेजात नेलं. दात तारेनं बांधून वाचवला. पण तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आबांना सांगितलं, "असे पुढे आलेले दात पहिले मार खातात. पुढच्या वेळी वाचेलच असं नाही." आबांचं धाबं दणाणलं. ज्या दातांवर घराचा मान, ते असे उंबऱ्याबाहेर उभे! त्याच दिवशी त्यांनी इलाजाला होकार दिला.

इलाज म्हणजे दोन गुलाबी प्लेटा, एक वरच्या दातांना आणि एक खालच्या. दोन्हींवर उतरते ठोकळे. तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे सरकल्याशिवाय दुसरी वाटच नाही. जेवतानाही लावायच्या, झोपतानाही. फक्त घासायला काढायच्या. पहिले काही दिवस मी 'केदारी' हे स्वतःचं नाव नीट म्हणू शकलो नाही.

आता गंमत बघा. मान राहावा म्हणून इलाज सुरू केला, आणि तोच इलाज मानाच्या आड आला. पाडव्यापासून यात्रेपर्यंत मानकऱ्यानं व्रत पाळायचं. तोंडात अन्न, पाणी आणि सनई याशिवाय काही जाऊ द्यायचं नाही. तंबाखूसुद्धा नाही, मग प्लेटा कुठल्या! आणि मान याच यात्रेला माझ्याकडे यायचा होता, कारण आबांचा वरचा एक दात हलायला लागला होता आणि तो यात्रेपर्यंत टिकेल याचा भरवसा नव्हता. हे घरातल्या तिघांनाच माहीत होतं. आबा भाकरी दुधात कुस्करून खायचे आणि पोट बिघडलंय म्हणून सांगायचे.

घरी आल्यावर आईनं ताट वाढलं आणि विचारलं, "काय म्हनाल्या डॉक्टरीनबाई?"

"काढायची न्हाई म्हनत्यात."

"मग नका काढू. पी हळद नि हो गोरी, असं कवा झालंय व्हय? एक वर्स केदाऱ्यानं न्हाई वाजिवलं तर द्येव काय उपाशी ऱ्हानार हाय?"

"तुला कळत न्हाई. नको म्हटल्याला मान परत उंबऱ्यात येत न्हाई. आजवर आला न्हाई कुनाच्या."

"आनि पोराचं दात काढलं तर?"

"मग तर पुढचं दारच बंद."

मी कोपऱ्यातून ओरडलो, "मी वाजिवनार! पाडव्याला प्लेटा काढून टाकनार. डॉक्टरला काय कळतंय सनईतलं?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. "आन सनई. वाजीव आत्ता."

मी प्लेटा काढल्या, पत्ती भिजवली आणि फुंकलं. खरं सांगतो, आमच्या म्हशीनं दचकून मान वर केली. जबडा एवढ्या थोड्या महिन्यांत पुढे सरकला होता, आणि पत्ती पूर्वी जिथे ओठात बसायची तिथे बसेना. आवाज फाटका येत होता. मी पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. रडू आवरत तिसऱ्यांदा फुंकलं.

"हुईल," आबा म्हणाले. "नव्या तोंडाला नवी सवय लागंल. पर यात्रेपतुर न्हाई हुयाची."

"हुईल! काढून ठेवल्या की जबडा मागं जाईल, मग हुईल!"

आबा हात धुऊन बाहेर गेले ते दिवे लागले तरी परतले नाहीत. आईला विचारलं तर ती म्हणाली, रानात पाणी बघायला गेलेत. आमच्या रानात त्या आठवड्यात पाण्याची पाळी नव्हती, पण माझं तिकडे लक्ष कुठे होतं!

पाडव्याच्या आधी देवळात बैठक बसली. यात्रेची वर्गणी, मंडप, पालखीचे भोई, एकेक विषय झाला आणि गावचे वडीलधारे नानाप्पा पाटील म्हणाले, "आता सनईचं. महालिंगा, बोल."

आबा उभे राहिले. "माजा दात हालतोय. औंदा मान केदारीकडं द्यावा म्हनतो."

कुजबुज झाली, पण चांगली. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले ईश्वराकाका उठले.

ईश्वराकाका म्हणजे आबांचे चुलतभाऊ. आमची दोन्ही घरं एका भिंतीची, पण त्या भिंतीला खिडकीसुद्धा नव्हती. मान थोरल्या घरात का धाकट्या, यावरून आज्यापासूनचं भांडण. लग्नकार्यातली सनई काका आबांपेक्षा गोड वाजवायचे, हे आमच्या घरात कुणी बोलायचं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. पालखीपुढं मात्र ते आयुष्यात कधी पुढं उभे राहिले नव्हते. सूरही धरायचे नाहीत. गर्दीत उभे राहून ऐकायचे आणि कुणाशी न बोलता घरी जायचे.

"माजी हरकत हाय," काका म्हणाले.

"कसली?" नानाप्पांनी विचारलं.

"पोराच्या तोंडात कवळी हाय. कवळीवाल्याला मान न्हाई."

"कवळी न्हाई ती!" मी ओरडलो. "माजं सगळं दात हायत! हे बघा!"

आणि सगळ्यांना दात दिसावेत म्हणून मी तोंडात हात घालून दोन्ही प्लेटा बाहेर काढल्या आणि उंच धरल्या. गुलाबी, तारांच्या, लाळेनं चकाकणाऱ्या. पुढच्या रांगेतली माणसं मागं सरकली. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. माझे दात कुणी बघितलेच नाहीत. सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

"आता आनि काय सांगू?" काका म्हणाले आणि खाली बसले.

आबा म्हणाले, "इलाज चाललाय त्याचा. जबडा बसला की प्लेटा जातील."

"जातील तवा बगू," नानाप्पा म्हणाले. "तोंडात बाहेरची वस्तू हाय तवर मान न्हाई. रिवाज तुज्यासाटी न्हाई बदलायचा, महालिंगा. औंदाचं तूच वाजीव मग."

तेव्हा आबांनी तोंड उघडलं, बोट लावलं आणि सगळ्या गावासमोर आपला दात हलवून दाखवला. चाळीस वर्षं त्या तोंडाला लोक मान देत आले होते. नानाप्पांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मग ईश्वराशिवाय हाय कोन? हरकत हाय तवर मान धाकट्या घरात."

मी आबांकडे बघितलं. आता ते काहीतरी बोलतील, भांडतील, निदान शिवी तरी देतील, असं वाटलं. ते टोपी झटकत होते.

"आपलेच दात नि आपलेच ओठ," कुणीतरी मागून म्हणालं.

त्या दिवसापासून गावानं ईश्वराकाकांना नाव ठेवलं. लेकराच्या तोंडातला घास काढला, चाळीस वर्षं टपून बसला होता, असं बायका विहिरीवर बोलत. काकांचा थोरला पोरगा माझ्याच वर्गात, त्याच्याशी कुणी गोट्या खेळेना. मी तर काका समोरून आले की थुंकायचो. प्लेटा लावून थुंकणं हे सोपं काम नाही, पण मी ते शिकलो.

आणि यात्रा आली.

पालखी देवळातून निघाली तेव्हा उन्हाचा चटका सुरू झाला होता. पुढे संबळवाले, मग काका, नवीन पटका बांधलेले, आणि त्यांच्या डाव्या हाताला सूर धरून आबा. हो, आमचे आबा. सकाळी देवापुढं त्यांनी सनई काकांच्या हातात दिली होती आणि स्वतःच सुराची सनई उचलली होती. ज्या घरानं मान हिसकावला त्याच्या मागं उभं राहायचं! मला लाज वाटली. आईसुद्धा तोंड फिरवून उभी होती.

पण माझ्या खिशात चिंच होती. सनईवाल्यासमोर कुणी चिंच चोखली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि सूर घसरतो, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मी गर्दीतून वाट काढत अगदी काकांच्या पुढ्यात गेलो, आंबट बोटभर चिंच तोंडात घातली आणि त्यांच्या डोळ्यात बघत मचमच चोखायला लागलो. चिंच प्लेटांत अडकली, लाळ हनुवटीवर आली, तरी मी थांबलो नाही.

काकांनी बघितलं. डोळे मिटले. पण नुसत्या आवाजानंसुद्धा पाणी सुटतं. वरचा स्वर लागला, थरथरला आणि घसरला. गर्दीत 'आरं आरं' झालं. मी अजून जवळ गेलो.

आणि सूर थांबला. आबांनी सनई तोंडातून काढली, दोन पावलं पुढे आले आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की एक प्लेट उडून धुळीत पडली. त्याआधी आबांनी मला कधी मारलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"उचल ती," ते म्हणाले. "धू. आनि लाव तोंडात."

मग परत जाऊन त्यांनी सूर धरला. काकांनी तिथून पुढे ओढ्यापर्यंत जी सनई वाजवली तशी बोरथळनं आधी ऐकली नव्हती, असं लोक आजही म्हणतात. मी ऐकली नाही. मी घरी जाऊन पांघरुणात तोंड खुपसून आबांना शिव्या देत होतो.

त्यानंतर मी प्लेटा काढल्या नाहीत. चांगुलपणानं नव्हे. मान तर गेलाच होता, आता काढून तरी काय करायचं? उन्हाळा गेला, दिवाळी झाली. डॉक्टर शिरगुप्पेंनी एकदा मला आरसा दिला आणि म्हणाल्या, "तोंड मिट." मी मिटलं. ओठाला ओठ लागला. मी आरशात बघत कितीतरी वेळ तोंड मिटून बसलो होतो, उघडवेना.

"आता तारा लावायच्या. दात बारीक बारीक सरळ करायचे," त्या म्हणाल्या. "पण त्या मी नाही लावणार. माझी परीक्षा झाली, मी चालले."

आबा दचकले. "मग ह्येचं कसं? अर्ध्यावर?"

"अर्ध्यावर कसं सोडीन?" त्यांनी आत हाक मारली. एक उंच, नवीन डॉक्टर आले. शिरगुप्पे बाईंनी माझ्या दातांचे सुरुवातीपासूनचे प्लास्टरचे साचे एकेक करून त्यांच्या हातात दिले. कुठे काय झालं, कुठला दात आडमुठा आहे, हे पोर कुठली बाजू चावायला वापरतं, सगळं सांगितलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "केदारी, हे डॉक्टर मुजावर. यांना माझ्यासारखाच त्रास दे. आणि एकही वारी चुकवू नकोस."

मी चुकवली नाही. तारांनी ओठ आतून सोलून निघायचा. डॉक्टर मुजावरांनी तारांवर बसवायला मेण दिलं, ते लावून मी घरी सनईचा सराव करायचो. नव्या तोंडाला पत्ती हळूहळू सापडत होती. दुसरी यात्रा आली तेव्हा तोंडात तारा होत्या, त्यामुळे काकाच वाजवणार होते. मी गेलोच नाही. आबांचा दात तोवर पडला होता, शेजारचे आणखी दोन काढावे लागले, आणि आता ते कवळी लावून सूर धरत होते. काकांच्याच मागं. घरी त्या नावाचा उच्चार नव्हता.

तिसऱ्या यात्रेच्या आधी तारा निघाल्या. रात्री लावायला एक पातळ प्लेट मिळाली. ती सोडली तर दात परत आपल्या जुन्या गावाला जातात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घरी आलो, आईनं माझी दृष्ट काढली, आणि मीठमोहऱ्या अजून चुलीत तडतडत होत्या तोच दारातून आवाज आला.

"हाय का महालिंगा घरात?"

ईश्वराकाका. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्याच्या आत आले होते. मला वाटलं, आता भांडण होणार. आबांनी घोंगडं टाकलं.

काका बसले नाहीत. माझ्यापुढे उभे राहिले. "तोंड उघड."

मी आबांकडे बघितलं. आबांनी मान हलवली. काकांनी माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवलं आणि बाजारात बैलाचे दात बघावेत तसं बोट घालून वरची ओळ चाचपली, मग खालची. दाढांपर्यंत गेले.

"सगळं हायत," ते म्हणाले. "एक बी काढल्याला न्हाई. उद्या बैठकीत हरकत मागं घेतो. यात्रेला मान ह्येचा."

मला ते सहन झालं नाही. "नगो तुमचं उपकार! आदी काडून घ्यायचं आनि मग द्यायचं!"

"केदाऱ्या!" आई म्हणाली.

काका हसले. "तू ह्याला सांगितलंस न्हाई व्हय रं, महालिंगा? अजून?"

आबा सनईच्या पत्त्यांची डबी उघडून बसले होते. एक पत्ती काढून उजेडात धरत ते म्हणाले, "पोराच्या तोंडात ऱ्हात न्हाई काय. गावभर केलं असतं."

"मग मी सांगतो." काका आता घोंगड्यावर बसले. "आरं, ती हरकत माजी न्हवंच. तुज्या आबानं घ्यायला लावली. दवाखान्यातनं आला त्या सांजंला माज्या घरात आला. जलमात पयल्यांदा. म्हनला, ईश्वरा, मला नको म्हनता येत न्हाई. नको म्हटला की मान गेला कायमचा, पोराचा बी. आनि व्हय म्हटला तर पोराचं तोंड जातंय. तू हरकत घे. हरकतीनं अडल्याला मान वाट बघत ऱ्हातो. ज्यानं हरकत घेतली त्यानं मागं घेतली की जाग्यावर येतो."

मी आबांकडे बघितलं. ते अजून पत्तीच बघत होते.

"मी म्हनलो, आनि मागं न्हाई घेतली तर? मला लेकरं हायत, महालिंगा. चाळीस वर्सं गर्दीतनं ऐकतोय मी ती सनई. तर तुजा आबा म्हनला, मग न्हाई घेतलीस तर न्हाई. पोराचं दात तरी ऱ्हातील."

आई चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. तिलाही हे माहीत नव्हतं.

"सगळ्या गावानं शिव्या घातल्या तुमास्नी," मी म्हणालो.

"घातल्या. तू तर थुंकलास बी. आनि ती चिंच!" काका आबांकडे वळले. "तसली चिंच आनली कुठनं हुती रं ह्यानं? आज बी आठवलं की दात आंबत्यात."

तेव्हा आबा हसले. इतक्या जोरात की कवळी सुटली आणि त्यांना ती हातानं दाबावी लागली. मग हसणं थांबलं आणि ते हळूच म्हणाले, "ईश्वरा, तुजं दात अजून चांगलं हायत. आनि धा-पाच वर्सं वाजीवलीस तरी कोन काय म्हननार न्हाई. पोरगं थांबंल."

काकांनी पत्त्यांच्या डबीतून एक पत्ती उचलली, ओठाला लावली, काढली आणि परत जागेवर ठेवली.

"माजं दात मला भाकरी खायाला लागत्यात," ते म्हणाले आणि उठले.

यात्रेच्या दिवशी देवापुढं त्यांनी सनई माझ्या हातात दिली. मी पालखीपुढं उभा राहिलो. मागं सूर धरायला एकाऐवजी दोघं होते, कवळीवाले आबा आणि ईश्वराकाका. आमच्या गावात सगळे दात शाबूत असताना सनई खाली ठेवलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. रात्रीची प्लेट मी पुढं कैक वर्षं लावली. पाडव्यानंतरही लावली. रात्री देव झोपलेला असतो, त्याला काय दिसतंय, असं काकांचं म्हणणं होतं, आणि त्यावर गावात कुणी हरकत घेतली नाही.

आबा लवकर गेले. काका मात्र पुष्कळ जगले. दरवर्षी माझ्या मागं सूर धरत राहिले. दम कमी झाला तसे शेवटी नुसतेच पालखीबरोबर चालायचे. मी त्यांना कितीदा म्हटलं, काका, औंदा तुम्ही वाजवा. ते मान हलवून पुढं चालायला खुणवायचे.

परवाच्या थंडीत ते गेले. त्यांच्या पोरांनी मला बोलावलं. तोंडात शेवटचं पाणी घालायला जबडा उघडायचा होता, आणि ते त्यांना होईना. मी हनुवटी धरून हळूच तोंड उघडलं, उजेडाकडे वळवलं आणि बेलाच्या पानानं पाणी घातलं. वरची ओळ, खालची ओळ, पार दाढांपर्यंत, ईश्वराकाकांच्या तोंडात सगळेच्या सगळे दात होते.